शकुनाचे अकरा

कुणाचाही विश्वास बसला नाही. म्हणजे माझ्यावर बसला, सगळ्यांचा बसला. मी जे सांगत होते त्यावर मात्र एकाचाही बसला नाही. कागदावर काळ्या शाईत मी धडधडीत उभी होते आणि गळा फाटेस्तोवर ओरडत होते, की अरे, मी खोटी आहे, मला एकदा भागून बघा! पण माणसं आकड्याचं तोंड बघतात आणि मान डोलावतात. आकड्याचं पोट कोण बघतो?

मी अठ्ठेचाळीस हजार सहाशे अकरा बोलतेय. एक संख्या. विटांची मोजणी म्हणून मला कागदावर आणलं, आणि माझ्यापायी एका बाईचं जे झालं ते सांगायला मी तोंड उघडलंय.

तशी मी ऐरीगैरी नाही बरं का. मी विषम आहे, दोनानं मला भाग जात नाही. माझे अंक मिळवून बघा, वीस होतात, म्हणजे तीनही हात हलवत परत जातो. माझ्या शेवटी एक आहे, म्हणून पाचाला दार बंद. सातानं भागा, तीन उरतात. अकरानं भागा, दोन उरतात. तेरानं भागा, चार उरतात. एक आणि मी स्वतः, एवढे दोघे सोडले तर मला पुरता भागणारा कुणी जन्मलेला नाही. शाळेत अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. दोनापासून सगळ्या मूळ संख्यांची रांग लावली तर त्या रांगेत मी बरोबर पाच हजारावी. कित्येकींना दोन घरं सोडून जोडीण असते, त्यांना जोडमूळ म्हणतात. मला तीही नाही. माझ्या दोन मागची तीनानं फुटते, दोन पुढची एकशे त्र्याहत्तरानं. मी एकटीच. माझे सारखे वाटे करून दाखवा, मी नाव बदलीन.

संख्येला जन्म नसतो, मरण नसतं. पण कागदावर मला जन्म दिला तो १९७१ सालच्या मे महिन्यात, कोल्हापुरात, गूळ बाजाराच्या मागं चाललेल्या एका वखारीच्या बांधकामावर.

वखारीची मागची भिंत बांधायची होती. अडीचशे फुटांना थोडी कमी लांब, पंधरा फुटांच्या आतबाहेर उंच. मधे खिडकी नाही, दार नाही, सरळसोट. पायापासून माथ्यापर्यंत प्रत्येक थराला सारख्याच विटा. कंत्राट बाळासोंचं. कागदावर ठरलं होतं, भिंत दीड वीट जाड, सगळी भरीव. देखरेखीला सयाजी मुकादम. गवंडी बाबालाल, हाताचा साफ, ओळंब्याला डोळा लावला की श्वास धरून उभा राहणारा. आणि डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बायकांत बाबालालची थोरली बहीण, सुगरा.

सुगरा चाळिशी ओलांडलेली विधवा. नगरपालिकेच्या शाळेत चौथी पास, तिसापर्यंत पाढे तोंडपाठ, आणि जीभ अशी की मुकादमही तिच्यापुढं दोन पावलं लांब उभा राही. बाबालालची बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून त्याची पोर कुलसुम सुगराच्याच मांडीवर वाढली. बाबालाल, कुलसुम आणि आपण, एवढंच तिचं जग. बाबालाल तिला आपा म्हणायचा, आणि भाकरी तिच्या हातचीच लागायची त्याला.

या बायकांची एक रीत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर मोजून बारा विटा. फळी भिंतीपाशी उतरवली की कोपऱ्यातल्या डालड्याच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. संध्याकाळी सुगरा डबा पालथा करी आणि चिंचोके मोजी. एक चिंचोका म्हणजे बारा विटा. जी वीट भिंतीत गेली ती कुणा ना कुणा बाईच्या डोक्यावरूनच गेली, दुसरी वाटच नव्हती. सयाजीलाही हे सोयीचं पडलं. कुणी विचारलं की तो बोट दाखवी, "मोजणी सुगरामावशीची. म्या नुसता लिहून घेतो."

सयाजीचीही एक रीत होती. गोल आकडा म्हणजे त्याला अपशकुन. नारळ घ्यायला गेला तर दहा नाही, अकरा. लग्नाच्या पाकिटात पन्नास नाही, एक्कावन्न. "गोल आकडा मुका असतोय," म्हणायचा. "वर काय तरी ठेवलं तर त्याच्यात जीव येतोय." त्याची ही खोड लक्षात ठेवा.

भिंत पाच-सहा थर वर आली तेव्हाच सुगरानं ओळखलं की काहीतरी वाकडं आहे. विटा येत होत्या कमी. बाबालाल बाहेरून एक पातळ भिंत चढवत होता, आतून एक पातळ भिंत चढवत होता, आणि मधल्या पोकळीत गडी घमेल्यानं मुरूम-माती ओतत होते. वरून गिलावा मारला की दीड विटेची भरीव भिंत दिसणार. पोटात मात्र माती.

तिनं दुपारच्या भाकरीला भावाला गाठलं.

"बाबालाल, पोटात माती भरून भिंत उभी ऱ्हातीया व्हय रे?"

"मालकाचा हुकूम हाय, आपा."

"मालक ऱ्हाणार हाय का तिच्याखाली?"

"म्या न्हाय बांधली तर दुसरा गवंडी बांधंल. कुलसुमच्या तोंडात काय घालू, गिलावा?"

सुगरा गप्प बसली. एवढ्या एकाच ठिकाणी ती गप्प बसली. पुढं तिला त्याची किंमत किती मोजावी लागली ते मी बघितलं.

भिंत पुरी झाली त्या दिवशी नारळ फुटला, जिलबी आली. डब्यातले चिंचोके सगळे मिळून सत्तावीसशे भरले होते. सत्तावीसशे बारा म्हणजे बत्तीस हजार चारशे विटा. सुगरानं ते सयाजीला सांगितलं. तो म्हणाला, "बरं बरं," आणि एक लांबलचक कागद तिच्यापुढं सरकवला. वर रेघा आखलेल्या. आकड्याची जागा कोरी.

"मावशी, हितं सही करा. मोजणीदार म्हणून. आकडा मागनं भरतो, हात चिकट झाल्यात."

साऱ्या बांधकामावर सही करता येणारी बाई ती एकटीच. बाकीच्या अंगठा उमटवायच्या. तिनं हात पदराला पुसले, निळ्या शाईचा टाक घेतला आणि दातात जीभ धरून नाव लिहिलं. सु, ग, रा. मग नवऱ्याचं, मग आडनाव. बाबालाल शेजारीच उभा होता, हातात जिलबी.

"बघा रं बघा," तो साऱ्यांना ओरडून म्हणाला, "आमच्या आपाची सही! मास्तरावानी!"

सगळे हसले. सुगराही लाजली. आयुष्यात बहुतेक तेवढीच एकदा.

दोन दिवसांनी बाळासोंच्या खोलीत माझा जन्म झाला.

"किती व्हाय पायजेत?" बाळासोंनी विचारलं.

"दीड विटंच्या हिशेबानं थराला नऊशे. चोपन्न थर. अठ्ठेचाळीस हजार सहाशे."

"लईच गोल दिसतंय. साहेब लोकांच्या डोळ्यात खुपंल."

"मग वर अकरा टाकतो, मालक. शकुनाचे."

आणि सयाजीनं काळ्या शाईनं मला लिहिलं. माझ्या आधी अठ्ठेचाळीस हजार सहाशे ही माझी सख्खी शेजारीण होती. भारी मनमिळाऊ. दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ, कुणीही यावं आणि तिचे सारखे वाटे करावेत. एकूण बहात्तर संख्यांनी तिला पुरता भाग जातो. सयाजीनं तिच्यावर शकुनाचे अकरा ठेवले आणि ती मी झाले, जिला कुणाचाच भाग जात नाही. त्याला वाटलं आकड्यात जीव आला. आला खरा. मी डोळे उघडले आणि खाली बघितलं, तर माझ्या पायाखाली निळ्या शाईतली सही आधीच वाळून बसलेली.

ऑगस्टात पाऊस आठ दिवस उघडला नाही. गिलाव्याला चीर गेली होती, तिच्यातून पाणी पोटात शिरलं. माती फुगली. एका सकाळी दहाच्या सुमाराला भिंतीचा मधला भाग बाहेरच्या अंगाला फुटला. आडोशाला पेरू विकायला बसलेली चिमणाबाई आणि तिच्याकडून पेरू घेणारा गुंडू हमाल, दोघं खाली सापडले. चिमणाबाईची पाटी तेवढी वर राहिली होती, तिच्यातले पेरू चिखलात दूरवर गेले होते. सुगरा चिमणाबाईला रोज रामराम करायची. तिला बाहेर काढताना सुगराच होती, हातानं माती उपसत.

भिंतीच्या पोटातली माती साऱ्या गावानं बघितली. आता कुणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं. बाळासोंनी माझा कागद पुढं केला. अठ्ठेचाळीस हजार सहाशे अकरा विटा आम्ही दिल्या, भिंतीत आहेत बत्तीस हजारांच्या घरात. मग सोळा हजारांवर विटा गेल्या कुठं? गवंड्यानं विकल्या, आणि त्या जागी माती भरली. दोन माणसं मारली.

बाबालालला पोलीस घेऊन गेले, चार दिवसांनी सोडलं, चौकशी लावली. चौकशीत चोरी ठरली की सरळ तुरुंग. कुलसुम तेव्हा सात वर्षांची.

चौकशीचे साहेब परगावचे, चष्मेवाले, हळू बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला मोठ्यानं वाचलं. बाबालाल म्हणाला, विटा आल्याच नाहीत, मालकानंच पोकळ बांधायला लावली. बाळासो म्हणाले, कागद बघा. सुगरानं चिंचोक्यांचा डबा आणून टेबलावर आपटला.

"मोजा. सत्तावीसशे हायेत."

सयाजी हसला. "चिंचोकं काय, कुठल्याबी झाडाखाली मिळत्यात, साहेब."

साहेबही किंचित हसले. डबा बाजूला गेला. मग सयाजीला चेव आला. "साहेब, म्या सोता हुबा ऱ्हाऊन विटा दिल्यात. थरागणिक मोजून, प्रत्येक थराला सारख्याच. एक इकडं न्हाय, एक तिकडं न्हाय. सगळ्या मिळून अठ्ठेचाळीस हजार सहाशे अकरा."

हे वाक्य साहेबांनी लिहून घेतलं. मी कागदावर ताठ झाले. अरे, ऐका! सारख्या म्हणतोय तो! मला सारखे वाटे होत नाहीत! कुणी ऐकलं नाही. बारा दिवसांनी पुढची तारीख पडली.

पण सुगरा घरी गेली ती मला डोक्यात घेऊन. "सारख्या, व्हय?" ती चुलीपुढं बसून पुटपुटली. "मग किती सारख्या?"

दुपारी काम आवरलं की ती कुलसुमची पाटी घेऊन उंबऱ्यात बसे. प्रथम चोपन्न थरांनी मला भागलं, अकरा उरले. तिला वाटलं आपलीच चूक. पुन्हा भागलं. पुन्हा अकरा. मग तिनं ठरवलं, सयाजी कितीही थर सांगू दे, पायातले धरू दे, माथ्याचे सोडू दे, आपल्याकडं उत्तर पाहिजे. दोनापासून सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी तिच्या ध्यानात आलं, की दोनानं जात नाही ती चारानं कुठली जायला? "जी बापाला ऐकत न्हाय ती लेकाला काय ऐकणार!" म्हणाली आणि सगळे सम आकडे पाटीवरून पुसून टाकले. मग तिनाची पिलावळ पुसली, मग पाचाची, मग साताची, आणि अशीच पुढच्यांची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी बघतच राहिले.

भागत भागत ती दोनशे अकरापर्यंत आली. सत्तेचाळीस भागाकार झाले होते आणि मी एकदाही फुटले नव्हते. मग ती थांबली. दोनशे एकवीसला दोनशे एकवीसनं गुणलं तर उत्तर माझ्या पुढं जातं हे तिनं ताडलं. "आता भागणारा मोठा आणि उत्तर बारीक. म्हंजे फुडं जे येणार ते मागं येऊन गेलंय. सरलं." तिनं पाटी भिंतीला टेकवली. "बाबालाल, सुटलास!"

बाबालाल रडला. तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला.

आणि मी? मी तिला ओरडून सांगत होते, बाई, मला मोडू नकोस. मी मोडले की माझ्याखाली काय आहे ते बघ. निळी शाई आठव. पण तीही शेवटी माणूसच. तिनंही ऐकलं नाही.

बारा दिवसांनी खोली माणसांनी गच्च भरली. साहेबांनी विचारलं, "मुकादम, थर किती होते?"

"चोपन्न, साहेब."

"अकरा उरत्यात," मागून सुगरा म्हणाली.

"बाई, मध्ये बोलू नका."

"मधी न्हाय, साहेब, आता शेवटचंच बोलायलोय. भागून बघा की. सारख्या दिल्या म्हणतोय न्हवं ह्यो?"

साहेबांनी भागलं. चष्मा वर केला. सयाजीकडं बघितलं.

"पायातलं धरून साठ असतील," सयाजी म्हणाला.

"अकरा."

"पन्नास. व्हय, पन्नासच."

"अकरा."

"साहेब, निम्मं भित्ताड पडलंया, ध्यानात कसं ऱ्हाणार? बहात्तर बी असतील."

"बहात्तर थर? वखार बांधलीस का पन्हाळा? तरीबी अकराच."

लोक हसू लागले. सयाजीच्या कपाळाला घाम आला. "त्रेपन्न," तो म्हणाला.

"धा उरत्यात. लई जवळ आलास."

"छप्पन."

"तीन."

"एकोणसाठ!"

"चोपन्न उरत्यात. आता जरा लांब गेलास. बस खाली." सुगरा पुढं आली. "साहेब, चाळीस ते ऐंशी एकेक आकड्यानं भागून बाकी तोंडपाठ केलीया, आणि त्याच्या फुडचं पाटीवर करून आलोय. ह्या आकड्याचं सारखं वाटंच हुईत न्हाईत. एकतर एकच थर लावायचा, म्हंजे भित्ताड सात मैल जाईल. न्हायतर एका विटंवर एक वीट ठेवत आभाळात चढायचं. ह्या दोन तऱ्हा सोडून तिसरी न्हाय. कुठली बांधलीस रं सयाजी?"

ती साहेबांकडं वळली.

"आणि आनखी एक. पन्नास घ्या, अकरा. चोपन्न घ्या, अकरा. साठ घ्या, बहात्तर घ्या, अकराच. साहेब, हे अकरा भिंतीतलं न्हवं. हे आहेराच्या पाकिटातलं हाय! गोल आकड्यावर ह्यानं शकुनाचं अकरा ठिवल्यात. ते काढा आणि मग भागा."

साहेबांनी माझ्यातून अकरा वजा केले. चोपन्ननं भागलं. नऊशे आले, नेमके. दीड विटेच्या कागदी भिंतीला थरागणिक जेवढ्या लागतात तेवढ्या. त्यांनी त्या नऊशेखाली रेघ ओढली. मग म्हणाले, "चहा घेऊ या."

चहाच्या वेळेला माझा कागद खिडकीपाशी टेबलावर होता. बाहेर लिंबाच्या झाडाखाली बाळासोंनी बाबालालच्या खांद्यावर हात टाकला. एवढी वर्षं त्यांनी त्याला कधी बाबालालदेखील म्हटलं नव्हतं, गवंडी म्हणायचे. आज म्हणाले, "बाबालाल, चोरीतनं तू सुटलासच. पर पोकळ कुणी बांधली ते अजून ऱ्हायलंय. आजऱ्याला काजूच्या कारखान्याचं मोठं काम घेतलंय म्या. गवंडी तूच. नीट इचार करून बोल." बाबालालनं कपातला चहा बशीत ओतला. प्यायला नाही.

चहा झाला. साहेब म्हणाले, "आकडा खोटा आहे. बाईंनी ते सिद्ध केलं, मला मान्य आहे. सोळा हजार दोनशे अकरा विटा चोरीला गेलेल्या नाहीत. त्या आल्याच नव्हत्या."

सुगरानं डोळे मिटून श्वास सोडला. आयुष्यात पहिल्यांदा तिचं म्हणणं कुणीतरी मान्य केलं होतं. ते सुख तिला चहाच्या घोटाएवढं मिळालं.

"आता," साहेबांनी कागद उचलला, "या खोट्या आकड्याखाली मोजणीदार म्हणून सही कुणाची आहे?"



"माझी," सुगरा म्हणाली. "पर कागद कोरा हुता."

"कोऱ्या कागदावर सही केलीत? एवढे भागाकार करणारी बाई?"

"मुकादम म्हणला, आकडा मागनं भरतो. शाई बघा की, साहेब! माझी निळी, आकड्याची काळी."

"शाई बदलते, बाई."

सयाजी लगेच उठला. "मोजणी मावशीचीच, साहेब. तिनं सांगायचं, म्या लिहायचं." बाळासोंनी हात जोडले. "आम्ही कागदावर इस्वास ठिवला. अडाणी बाई असती तर ठिवला नसता. शिकलेली म्हणून ठिवला."

सुगरा वळली. "माझा भाऊ शेजारी हुता. त्यानं बघितलंय. सांग रं, बाबालाल. जिलबी खात हुतास. मास्तरावानी सही म्हणालास. सांग की."

साहेबांनी बाबालालकडं बघितलं. बाबालालनं बाळासोंकडं बघितलं. मग फरशीकडं.

"विटा कमी आल्या म्हणून म्या पोकळ बांधली, साहेब. कमी का आल्या ते म्हाईत न्हाय. मोजणी आपाकडं हुती."

"आणि सही केली तेव्हा कागद कोरा होता?"

"माझं ध्यान न्हवतं."

  टेबलाच्या कडेला पडलेला डालड्याचा डबा सुगरानं उचलला. आतले चिंचोके वाजले. 

खोट्या मोजणीबद्दल तिच्यावर खटला झाला. कोर्टातही कागद होता, सही होती, आणि भावाची जबानी होती. नऊ महिने शिक्षा झाली. बाळासोंना ताकीद मिळाली. सयाजी दुसऱ्या कामावर गेला. बाबालाल कुलसुमला घेऊन आजऱ्याला गेला.

सुटून आल्यावर सुगराला कुठल्याही बांधकामावर फळी मिळेना. "मोजणीवाली आली," म्हणून बायकाही तोंड फिरवत. चिमणाबाईची सून तर भर रस्त्यात तिच्या अंगावर थुंकली. चिमणाबाईला मातीतून उपसणारे हात कुणाचे होते ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सुगरा मग एका शाळेत झाडलोट करायला लागली. फळ्यावर भागाकार राहिलेला असला तर पुसण्याआधी बरोबर आहे का बघायची. कुणी विचारलं, "कुणी गं केलं हे तुझं?" तर म्हणायची, "सयाजीनं." कधी म्हणायची, "बाळासोनं." बाबालालचं नाव काढलं कुणी, तर अंगावर धावून जायची. "लेकराचा बाप हाय त्यो. काय करंल? पोटाला लागतंय."

मी मात्र दप्तरात पडले. तेरा वर्षं. वर फायलींचा ढीग, खाली कसर. कागद पिवळा पडला, घडीवर चिरला. तिची निळी शाई फिकी झाली, माझी काळी तशीच आहे. खोट्याची शाई टिकाऊ असते का काय, कोण जाणे.

परवा दप्तरखान्यात बोलणं ऐकलं. जुने कागद जाळायचे आहेत. माझी फाईलही त्या ढिगात आहे. मला त्याचं काही नाही. कागद जळेल, मी जळणार नाही. पाच हजारावी होते, पाच हजारावी राहीन. पण निळी शाई जळेल. तिनं कधीतरी दातात जीभ धरून, हौसेनं आपलं नाव लिहिलं होतं, ते जळेल.

तुम्हाला एवढंच सांगते. उद्या कुणी तुमच्यापुढं मोठा आकडा ठेवला आणि तो गोल नाही म्हणून खरा वाटला, तर त्याला एकदा भागून बघा. आम्ही ओरडत असतो. आणि भागणारी बाई तुमच्या दारात आली, तर तिचा डबाही मोजा.

काल ती आली होती. कुठून कळलं कुणास ठाऊक. केस पांढरे, पाठ वाकलेली. दप्तरदार बसलिंगाप्पा, गडहिंग्लजकडचा म्हातारा, दाराशीच बसतो.

"काय पायजे, अव्वा?"

"एक कागद बघायचाय. नेत न्हाय. नुसता बघतो आणि जातो."

त्यानं ढिगातून फाईल काढली. तिनं मला बघितलं. बोट ठेवलं माझ्यावर, जाड, खरबरीत. "मोडली न्हायस की अजून," म्हणाली. मग बोट खाली, आपल्या नावावर नेलं.

बसलिंगाप्पानं फाईल चाळली होती बहुतेक. हळूच म्हणाला, "सही तुझीच न्हवं, अव्वा?"

"माझीच."

"मग तुझं हे असं कुणी केलं?"

सयाजीचं नाव येईल म्हणून मी वाट बघत होते. नाहीतर बाळासोंचं. तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला.

"गेल्या म्हैन्यात कुलसुमचं लगीन झालं. आजऱ्यात, मांडव घालून. मांडीवर वाढवली तिला म्या. मला बांगड्यावालीकडनं कळलं. जेलात जाऊन आल्याली बाई मांडवात नगं, म्हणला म्हणं."

"कोण म्हणला?"

ती उठली. मला घडी घातली, घडीवर हात फिरवला, कागद त्याच्या हातात दिला.

"तू कुणी केलं इचारत हुतास न्हवं?" ती दारातून म्हणाली. "तेरा वरसं खोटं सांगत आलो सगळ्यास्नी. ल्ही, खरं नाव. बाबालाल."